पायाळू

शैलाकाकूंची आणि माझी ओळख त्यांच्या लाथेने झाली. चेष्टा नाही, खरंच सांगतोय. न्यू जर्सीत, पार्सिपनीतल्या आमच्या पहिल्याच हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा बर्फ काढताना माझ्या कमरेत उसण भरली आणि फावडं तिथेच टाकून मी काटकोनात वाकून घरात आलो. अर्जंट केअरवाल्यांनी गोळ्या दिल्या, आराम करा म्हणाले. आराम करून करून कंटाळलो तरी सरळ होता येईना. शेवटी मेधाने, म्हणजे माझ्या बायकोने, तिच्या योगाच्या ग्रुपवर विचारलं. उत्तर आलं, की दोन गल्ल्या सोडून शैलाकाकू राहतात, त्या पायाळू आहेत, त्यांना बोलव.

पायाळू म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पायांनी बाहेर आलेलं माणूस. अशा माणसाची लाथ बसली की उसण जाते, त्याला जमिनीखालचं पाणी कळतं आणि वीज त्याच्यावर पडायला टपलेली असते, असं आपल्याकडे म्हणतात. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. पण डोक्याचा विश्वास वेगळा आणि कमरेचा वेगळा. मी मुकाट्याने गालिच्यावर पालथा पडलो.

सत्तरीकडे झुकलेल्या, उंच, सलवार-कमीजवर फ्लीसचं जाकीट घातलेल्या बाई आत आल्या. त्यांनी उजव्या पायातला मोजा काढला, घडी करून खिशात ठेवला, आणि कुठल्या बाजूला दुखतंय ते विचारून लाथ मारली. लाथ म्हणजे अगदी लाथ हो, नुसता पाय लावणं नव्हे. मी ओरडलो. त्या शांतपणे मोजा चढवत म्हणाल्या, "बेसमेंटमध्ये पाणी येतं का रे तुमच्या?"

दुसऱ्या दिवशी मी सरळ उभा राहिलो. गोळ्यांनी की लाथेने, हा वाद आमच्या घरात अजून चालू आहे.

तो बेसमेंटचा प्रश्न काकू सगळ्यांना विचारायच्या. एकदा एका घरी हळदीकुंकू होतं आणि त्या मंडळींचं घर विकायला काढलेलं होतं. जमलेल्या बायकांतली एक ते घर घ्यायच्या विचारात होती, तिळगूळ खाता खाता किचनची कपाटं उघडून बघत होती. आणि काकूंनी भर हॉलमध्ये यजमानीणबाईंना विचारलं, की तुमचा बेसमेंटमधलं पाणी उपसणारा संप पंप फार चालतो का, पाणी गार असतं की कोमट, आणि जुलैतही येतं का. यजमानीणबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता म्हणे. काकूंना मात्र त्यात काय चुकलं ते कळलंच नाही. घरी येताना त्या मेधाला आनंदाने सांगत होत्या, की अगं, त्यांच्या घराखाली झरा आहे, जिवंत झरा, आणि तो मागच्या ओढ्याला मिळत असणार. घर घेणारी बाई पुन्हा फिरकली नाही.

कारण काकूंना नाद होता ओढे शोधण्याचा. तेही साधेसुधे नव्हेत, ज्यांत मोठे रानटी ट्राउट राहतात असे. इथे वसंत ऋतूत ट्रक भरभरून ट्राउट मासे आणतात आणि नद्यांत सोडतात. हौदात वाढलेले, गोळ्या खाऊन मोठे झालेले. ते धरायला लोक खांद्याला खांदा लावून काठावर उभे असतात. काकू त्या माशांना 'मेसवाले' म्हणायच्या. त्यांना बघायचे असत ते ओढ्यातच जन्मलेले, ओढ्यातच वाढलेले, आणि कुणाच्या नजरेला न पडता म्हातारे झालेले. या तपकिरी ट्राउटचे पूर्वज युरोपातून आणले होते, पण आता पिढ्यान्‌पिढ्या इथेच जन्मतात, हेही त्यांनीच मला सांगितलं. मी म्हटलं, म्हणजे हेही आपल्या मुलांसारखे एबीसीडी, अमेरिकन बॉर्न कन्फ्युज्ड देसी. काकूंना राग आला. म्हणाल्या, आपली पोरं असतील कन्फ्युज्ड, हे अजिबात नाहीत.

आणि धरायचे नाहीत, खायचे नाहीत, नुसते बघायचे. मंडळात कुणीतरी हमखास विचारायचं, की खायला कसा लागतो हो ट्राउट. काकू सुरमई-पापलेट आवडीने खायच्या, इंडियन स्टोअरमधून फ्रोझन बोंबीलही आणायच्या, पण हा प्रश्न आला की त्यांचा चेहरा असा व्हायचा की विचारणाऱ्यालाच ओशाळं वाटावं.

त्यांचं म्हणणं साधं होतं. खाणं माशाला कुठेही मिळतं, लपायला एखादं पडलेलं झाडही मिळतं, पण उन्हाळ्यात गार पाणी मिळत नाही. ओढा तापला की मोठा ट्राउट टिकत नाही. तेव्हा मासा शोधायचा नाही, जमिनीतून वर येणारं गार पाणी शोधायचं. त्यासाठी त्या नकाशे बघायच्या, ज्या रस्त्याच्या नावात 'स्प्रिंग', म्हणजे झरा, असेल तिथे गाडी घालायच्या, जुन्या शेतांच्या कडेला पडक्या दगडी खोल्या शोधायच्या. फ्रिज नव्हते तेव्हा लोक दूध-लोणी अशा खोलीत झऱ्यावर ठेवायचे. पण हे सगळं झाल्यावर शेवटचा निकाल पायांचा. कुठल्याही ओढ्याशी पोचल्या की काकू बूट-मोजे काढायच्या आणि पाण्यात उतरायच्या. दोन पावलं वर, दोन पावलं खाली, डोळे मिटून. मग एकदम थांबायच्या आणि म्हणायच्या, "इथे आहे." आयुष्यभर एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये थर्मामीटर वापरलेली ही बाई. मी एकदा म्हटलं, काकू, थर्मामीटर आणू का? तर म्हणाल्या, "मी पायाळू आहे रे. मला काय करायचाय?"

सापडलेले ओढे त्या कुणाला सांगायच्या नाहीत. एकदा का इंटरनेटवर नाव गेलं की पुढच्या शनिवारी तिथे दहा गाड्या, हे त्यांनी एका चांगल्या ओढ्याच्या बाबतीत पाहिलं होतं. म्हणून त्यांनी प्रत्येक ओढ्याला सासरच्या नात्याचं नाव ठेवलं होतं. धाकटे भावजी, मामंजी, जाऊबाई. फोनवर त्या खुशाल बोलायच्या, की आज जाऊबाईंकडे जाऊन आले, फार गढूळ झाल्यात. आम्ही नवीन होतो तेव्हा मेधाला वाटायचं, काकूंचं सासर किती मोठं आणि सगळेच कसे न्यू जर्सीत. एका उन्हाळ्यात काकू म्हणाल्या, मोठ्या वन्संचं काही खरं नाही, पार खालावल्यात. मेधाने त्या दिवशी मऊ भात आणि मेतकुटाचा डबा भरून पाठवला. काकूंनी तो ओढ्याच्या काठावर बसून खाल्ला आणि वन्संना फार बरं वाटलं म्हणून निरोप दिला.

या सगळ्या सासरात एकच ओढा त्यांना हार जात नव्हता. त्याचं नाव सासूबाई. पार्सिपनीपासून तासभर वायव्येला, टेकड्यांमध्ये, एका लाकडी पुलाखालून जातो. काकूंच्या यजमानांनी, मनोहरकाकांनी, त्या पुलावरून एकदा मे महिन्यात असा ट्राउट पाहिला होता की घरी येऊन त्यांनी हात पसरून दाखवला आणि काकूंनी तो हात धरून थोडा कमी केला. मग स्वतः जाऊन पाहिल्यावर पुन्हा वाढवला. काका मासेमारीचे शौकीन, सगळं सामान महागातलं, आणि हाताला कधी काही लागायचं नाही. काकू सोबत म्हणून जायच्या, काठावर बसून बसून कंटाळायच्या, आणि कंटाळून त्यांनी पाण्यात पाय घातले. नाद तिथून लागला.

तर दर मे महिन्यात त्या पुलाखाली मोठे ट्राउट दिसायचे आणि दर ऑगस्टमध्ये एकही नाही. पाणी तेव्हा नुसतं कोमट. काकांचं म्हणणं, उन्हाने मेले. काकूंचं म्हणणं, मेले तर पुढच्या मेमध्ये एवढे मोठे कुठून येतात? एवढं वाढायला वर्षं लागतात. मरत नाहीत, ते कुठेतरी जातात. कुठेतरी गार पाणी आहे. काका म्हणायचे, "जातात तर दाखव." चहाच्या वेळी, गाडीत, लोकांकडे जेवायला गेल्यावर, हे भांडण त्या दोघांनी वर्षानुवर्षं चालवलं. काकू वर-खाली चालून दमल्या, झरा काही सापडला नाही. आणि मग काकाच गेले. मी पार्सिपनीत यायच्या आधीच. मुलगा सांता क्लाराला, तो आईला तिकडे ये म्हणायचा, आणि काकू सांगायच्या, येते, आधी सासूबाईंचं एक काम राहिलंय. मुलाला ते सेंटिमेंटल वाटायचं. मला विचाराल तर ती शुद्ध खुमखुमी होती. नवरा वादात अर्ध्यावर उठून गेला, हे त्यांना सहन होत नव्हतं.

त्यांच्याबरोबर मी जायला लागलो ते मेधाने ढकललं म्हणून. एकट्या जातात, पाय घसरला तर, वगैरे. मी नाखुशीने गेलो. जीन्स मोज्यांत खोचायची, गोचिडी तपासायच्या, अंगाला खाज आणणारी पॉयझन आयव्ही ओळखायची, यात कसलं आलंय सुख? पण त्यांनी पहिल्यांदा 'जाऊबाईं'च्या काठावर मला पोटावर झोपवलं आणि एका मुळाखाली बोट दाखवलं. बराच वेळ मला नुसता दगड दिसत होता. मग त्या दगडाने तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढा, अंगावर लाल ठिपके, पाण्यात एका जागी उभा. वीतभर रुंदीच्या धारेत एवढा जीव मावतो कसा, हे कोडं घेऊन मी घरी आलो आणि पुढच्या शनिवारी मीच काकूंना फोन केला.

फक्त आभाळ गरजलं की त्या क्षणात गाडीत. लांब कुठेतरी गडगडलं तरी पुरे. ओल्या पायांनी, बूट हातात घेऊन, सरळ गाडीकडे. मी हसायचो. त्या म्हणायच्या, तुला काय होतंय हसायला, वीज मला शोधतेय.

गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात आम्ही मोठ्या वन्संकडे गेलो होतो. तो त्यांचा सगळ्यात पक्का ओढा, त्यातला झरा त्यांना डोळे बांधूनही सापडला असता. काकू उतरल्या, ठरलेल्या जागी थांबल्या, एक पाऊल पुढे, एक मागे. पुन्हा मागे. मग माझ्याकडे वळल्या आणि त्यांचा चेहरा पार उतरलेला. म्हणाल्या, "वन्सं आटल्या रे." असलं आटणं परत भरून येत नाही, वर कुणीतरी बोअर मारली असेल, असं काहीबाही बोलत राहिल्या. त्यांना हात द्यायला मी वाकलो आणि माझा दुसरा हात त्यांच्या पायापाशी पाण्यात गेला. पाणी इतकं गार होतं की बोटं दुखली.

त्या बघत होत्या. माझ्या तोंडावरूनच त्यांना कळलं असावं. त्या वाकल्या, स्वतःचा हात पाण्यात घातला, आणि तसाच ठेवला. बराच वेळ. मग काठावर येऊन मोजे घालायला लागल्या तेव्हा दिसलं, तळव्याला काच लागून रक्त येत होतं आणि त्याचाही त्यांना पत्ता नव्हता. गाडीत मला रडू आलं, त्यांना नाही.

डायबेटिस जुना होता. पायांच्या नसा गेल्यात, डॉक्टर म्हणाले, आता अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही. काकूंनी ऐकलं. घरातही बूट घालायला लागल्या. नकाशे काढेनात, कुणाच्या बेसमेंटची चौकशी करेनात. मेधाने भेटायला बोलावलं तर यायच्या, गप्प बसायच्या. मुलाला म्हणाल्या, बघ रे, येते मी तिकडे. सासूबाईंचं काम राहू दे. हे मुलानेच मेधाला फोन करून सांगितलं आणि विचारलं, की आईला झालंय काय?

त्या थंडीत त्यांच्या मोठ्या बहिणीचा, अक्काचा, कराडहून व्हिडिओ कॉल आला होता. मी तेव्हा त्यांचा स्मोक अलार्म बदलायला स्टुलावर चढलो होतो, म्हणून सगळं ऐकलं. काकू बहिणीपाशी पहिल्यांदाच मोकळं बोलत होत्या. मी पायाळू गं, देवाने एवढी एक गोष्ट दिली होती, तीही काढून घेतली. अक्का पलीकडून म्हणाली, "तू कुठली पायाळू? पायाळू मी."

मग अक्काने सांगितलं ते असं. लहानपणी घरी गावातले लोक सारखे उसण काढून घ्यायला यायचे. अक्का हडकुळी, आजारी पोर. लाथा मारून मारून तिचेच पाय दुखायचे. म्हणून आईने एक दिवस धाकट्या, दणकट शैलाला पुढे केलं आणि सांगून टाकलं, की हीच पायाळू, मोठी नव्हे, तुम्ही चुकीचं ऐकलंत. लोकांच्या उसणी जात राहिल्या. तुझ्या डोक्यात ते बसलं, आई म्हणाली बसू दे, अक्का म्हणाली, आणि पुढे भाजीचे भाव सांगायला लागली.

मी स्टुलावरून उतरायलाही घाबरत होतो. काकूंनी फोन ठेवला. दोन दिवस फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच केला.

"मग हे सगळे ओढे कुणी शोधले रे?"

मी म्हटलं, तुम्हीच.

"तेच म्हणतेय मी. मीच."

आणि लगेच, गाडी काढ म्हणाल्या. मी म्हटलं, काकू, बाहेर बर्फ पडलाय, ओढे गोठलेत. त्या म्हणाल्या, म्हणूनच. लहानपणी आमच्या परसातल्या विहिरीला थंडीत सकाळी वाफ यायची. जमिनीखालचं पाणी बारा महिने सारखंच असतं, उन्हाळ्यात ते गार लागतं, थंडीत कोमट. पाय पाण्यात घालून शोधायचं म्हणून आजवर मी फक्त उन्हाळ्यातच आले. जानेवारीत यायला हवं होतं.

सासूबाईंच्या काठाने आम्ही वरच्या अंगाला गेलो. काकू बुटांत, दोन हातांत दोन काठ्या, बर्फात हळूहळू. पूल मागे पडला, वळण मागे पडलं. सगळं पांढरं. काकू थांबायच्या, नुसतं बघायच्या, पुढे निघायच्या. मला भूक लागली होती, कान दुखत होते आणि मी मनातल्या मनात अक्काला शिव्या घालत होतो. मग ओढ्याच्या पलीकडे, एका पडलेल्या झाडाच्या पाठीमागे, एवढीशी हिरवी जागा दिसली. भर बर्फात हिरवागार पाला, आणि त्यावर बारीक वाफ. तिथून निघालेली धार मुख्य ओढ्याला जिथे मिळत होती तिथे बर्फ नव्हता, खोल काळा डोह होता. उन्हाळ्यात झुडपं माजतात, अलीकडून कुणाला काही दिसत नाही. काकू एवढंच म्हणाल्या, की आता ऑगस्टपर्यंत मला मरून चालायचं नाही.

नाही मेल्या. ऑगस्टमध्ये त्यांचं घर विकलं गेलं. मुलगा न्यायला येणार होता, त्याच्या आदल्या शनिवारी आम्ही गेलो. मी त्यांची घडीची खुर्ची डोहाच्या काठावर सावलीत मांडली. डोळ्यांवर पाण्याची चमक मारणारा पोलराइज्ड चष्मा, मांडीवर काठी, पायात बूट. मी अनवाणी पाण्यात उतरलो. ओढा कोमट होता. काकू काठीने दाखवायच्या, डावीकडे, अजून, थांब. एका पावलावर माझा घोटा एकदम गोठला. मी म्हटलं, इथे आहे. त्या म्हणाल्या, बाहेर ये मग, पाणी निवळू दे.

मी येऊन त्यांच्या शेजारी खाली बसलो. लांब आभाळ गरजलं. मी सवयीने उठलो, बूट उचलले, त्यांना हात दिला. त्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, अक्काला फोन कर, घरात बस म्हणावं.

पाणी निवळलं. आधी एक दिसला, झाडाच्या सावलीत. मग त्याच्यामागे दुसरा, त्याहून मोठा. मग कळलं, की डोहाच्या सगळ्या तळाशी ज्यांना मी दगड समजत होतो ते मासेच आहेत, एकाला एक लागून, झऱ्याकडे तोंडं करून, शांत. पुलाखालचे सगळेच आले असावेत. मी मोजायला लागलो आणि सोडून दिलं.

काकूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्या मला पहिल्या दिवसापासून अरे-तुरेच करायच्या, कधी चुकूनसुद्धा अहो-जाहो नाही. त्यांनी काठी उचलून पाण्याकडे धरली आणि हळूच म्हणाल्या, "बघा."

ते मला नव्हतं.